एकट्यापुरता आवाज

गाडीच्या दुखण्यांत सगळ्यात वाईट दुखणं आवाजाचं. टायर फुटला तर रस्त्यावरचं कुत्रंही थांबून बघतं. इंजिन बसलं तर ते बसलेलं दिसतं. पण आवाज म्हणजे माळ्यावरचा उंदीर. मालक एकटा पडला की धिंगाणा घालणार आणि चार माणसं काठ्या घेऊन आली की चिडीचूप. त्यातून तो आवाज मागच्या बाजूचा, आणि गाडी जमिनीला पोट घासत चालणारी, लालभडक, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार असेल, तर ऐकणाऱ्याने आधीच हात टेकावेत.

मिस्त्रीने ते केव्हाच टेकले होते. गाडी आज तिसऱ्यांदा त्याच्या दारात उभी होती.

मिस्त्री म्हणजे एक अवाढव्य ऐवज. त्याच्या मेव्हण्याची एक गोष्ट होती. मिस्त्री म्हणे एकदा ट्रकच्या मागच्या फळीवर सहज टेकला आणि ट्रकची पुढची चाकं वर उचलली गेली. मेव्हण्याने तेवढ्यात पुढचा टायर बदलून घेतला आणि मग म्हणाला, "दाजी, उठा आता." ही गोष्ट मेव्हणाच सांगत असल्यामुळे त्यातला ट्रक थोडा छोटा धरावा, पण मिस्त्रीला छोटा धरण्याची सोय नव्हती. एवढा देह आयुष्यभर गाड्यांखाली सरपटवून त्याचे गुडघे, कंबर आणि उत्साह अशी तिन्ही बेअरिंगं झिजली होती. सकाळी शटर वर ढकलतानाच त्याला संध्याकाळी ते खाली ओढण्याची ओढ लागायची.

"काल वाजली, मिस्त्री," गाडीचा मालक म्हणाला. "स्पष्ट वाजली. मागून. टक्-टक्. दारावर कुणीतरी संकोचून वाजवावं तशी."

मालक दातांचे डॉक्टर. आता निवृत्त. बारीक इतके, की भिंतीला टेकून उभे राहिले तर कुणी छत्री समजून उचलून न्यावं. जन्मभर लोकांच्या उघड्या तोंडात बघून झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली होती. बायको होती तेव्हा दोघं तिच्यातून हिंडायची. दोन वर्षांपूर्वी बायको गेली. आता ते एकटेच हिंडत.

"आणि आत्ता येताना?" मिस्त्रीने विचारलं.

"आत्ता नाही वाजली. आत्ता ही होती ना शेजारी."

'ही' म्हणजे त्यांची लेक. ती गाडीतून उतरून घड्याळाकडे बघत उभी होती. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचं तिचं काम. आग लागली म्हणून कुणी रडत आला तरी आधी राख दाखवा म्हणणारी. पण बाई कठोर नव्हती, दमलेली होती. सकाळी स्वतःच्या घरचं आवरून वडिलांच्या घरी जायचं, गॅस बंद आहे का बघायचं, मग ऑफिस, मग पुन्हा तेच उलट्या क्रमाने. डोळ्यांखालची काळी वर्तुळं पावडरने झाकायची सवयही तिने सोडून दिली होती.

तिने मिस्त्रीला हवा भरायच्या मशीनपाशी बाजूला घेतलं.

"मिस्त्री, खरं सांगा. आवाज आहे का?"

"ताई, पहिल्यांदा डॉक्टरांबरोबर बसून गेलो. नाही आला. दुसऱ्यांदा एकट्याने नेली. पार नदीपर्यंत. नाही आला. वर उचलून नट अन् नट आवळला."

"मीही महिनाभर त्यांच्या शेजारी बसून कान लावतेय. काही नाही." तिने आवाज खाली आणला. "मागच्या आठवड्यात भाजीचा रस्सा कपाटात ठेवला होता त्यांनी. चपलांशेजारी. नळ दोनदा चालू राहिला. दार वाजलं म्हणून उठून बघतात, दारात कुणी नसतं. आणि आता हे. म्हणून आमचं ठरलंय. आज तुम्हाला आवाज सापडला, तर तुम्ही तो दुरुस्त करा, मी परत तोंड उघडणार नाही. नाही सापडला, तर किल्ली माझ्याकडे. त्यांनी स्वतः कबूल केलंय."

"आणि गाडी?"

"विकायची." हे बोलताना ती गाडीकडे बघत नव्हती. "ज्या माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात त्याला मी रस्त्यावर कशी सोडू? सांगा ना तुम्ही."

खरं तर मिस्त्रीच्या मनाला गुपचूप बरंच वाटलं. ही लाल पीडा एकदाची टळेल.

तरी काम म्हणजे काम. लेक चालवायला बसली आणि मिस्त्री शेजारच्या सीटमध्ये शिरला. शिरला म्हणणं सोपं आहे. मोठी उशी लहान अभ्र्यात कोंबताना जे जे करावं लागतं ते सगळं झालं: आधी एक कोपरा, मग दाबादाबी, मग थोडा श्वास, मग पुन्हा दाबादाबी. आत गेल्यावर त्याचे गुडघे कानाशी आले.

"ऐकायला सोयीचं झालं असेल," लेक म्हणाली.

"गुडघे वाजतायत तेवढे ऐकू येतायत."

मग खड्डे झाले, रेल्वेचं फाटक झालं, स्पीडब्रेकर झाले. गाडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी गेली आणि आली. मग डॉक्टर चालवायला बसले. पुन्हा गुळगुळीत. डॉक्टर मधूनमधून मिस्त्रीच्या तोंडाकडे आशेने बघत होते, आणि मिस्त्री काचेबाहेर.

वर उचलून झालं. चाकं हलवून, रबरी हातोडीने ठोकून, लांब पान्याने ढकलून झालं. पाठीमागची बाजू अशी गप्प, जशी काही तिने कधी तोंडच उघडलं नव्हतं.

डॉक्टर प्लास्टिकच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांच्याच दवाखान्याबाहेर पेशंट बसायचे, तसे.

"एक सांगू, मिस्त्री? रात्रभर दात ठणकलेला माणूस माझ्याकडे यायचा. खुर्चीत बसला रे बसला की ठणका गायब. कुठला दात, तेही सांगता यायचं नाही."

"मग काय करायचात?"

"म्हणायचो, बाहेर जाऊन एक चहा पिऊन या, मग बघू. कधी लागायचा पत्ता, कधी नाही. पण खोटं बोलतोस, असं नाही म्हटलं कुणाला."

"मी कुठे म्हणालो, डॉक्टर?"

"तुम्ही नाही म्हणालात." त्यांनी उगाच खुर्चीचा हात पुसला. "दोन दिवस झाले, मीच स्वतःला म्हणतोय."

लेक वळली आणि फोन आला नसताना फोन कानाला लावून रस्त्यावर गेली.

मिस्त्रीने संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. बापलेक निघून गेल्यावर तो वर्कशॉपच्या मागे, घरी गेला. हात धुतले, जेवला. आणि कंबर टेकायला आतल्या खोलीत आला.

बायको पलंगाच्या कडेला बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. ती चादरीचं टोक पकडायला वाकली आणि पलंगाचा पाय फरशीवर वाजला. टक्. ती सरळ झाली. टक्.

"हा पलंग केव्हा दुरुस्त होणार?" ती म्हणाली. "गावाच्या गाड्या नीट करता, घरातला पाय तेवढा सापडत नाही."

"वाजत नाही तो."

"आत्ता काय वाजलं मग, माझा मणका?"

"अगं, रोज झोपतो मी त्यावर. एकदाही ऐकलं नाही."

"तुम्ही आडवे झाल्यावर त्याची काय बिशाद आहे वाजायची! चारही पाय जमिनीत रुततात बिचाऱ्याचे."

मिस्त्री आडवा होण्यासाठी अर्धा वाकला होता. तो तसाच राहिला, वाकलेला. मग टेकला. पलंग गप्प. उठला.

"हल जरा."

"काय?"

"बसल्या बसल्या हल. पुढे-मागे."

"अहो! भरदुपारी काय हे? खिडकी उघडी आहे."

"हल म्हणतो ना!"

ती हलली. टक्. तो टेकला. गप्प. उठला. टक्. टेकला. गप्प. असं त्याने इतक्या वेळा केलं, की बायकोने घड्या बाजूला ठेवल्या आणि त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

त्याला आनंद झाला म्हणणं मात्र बरोबर नाही. लाल गाडीत डॉक्टर एकटे बसले, तर मागे जवळपास काहीच वजन नाही. आणि एकटे असतानाच ती वाजत होती. शेजारी लेक बसली की गप्प, मिस्त्री बसला की गप्प. मिस्त्री एकटा बसला तरी गप्पच, कारण मिस्त्री एकटा कधी नसतोच, त्याच्या देहात दोन माणसं कायमची मुक्कामाला. साक्षीदार बसला, की गुन्हाच होत नव्हता. आणि आपण तीनतीनदा त्या म्हाताऱ्याला सांगितलं, आवाज नाही.

आता हे जाऊन सांगायचं. पुन्हा सगळं उघडायचं. आणि तोंडावर पडलो, तर? त्याने पलंगाकडे एकदा हावऱ्या डोळ्यांनी बघितलं आणि शर्ट घातला.

"झोपत नाही?" बायकोने विचारलं.

"कुठली झोप."

संध्याकाळी बापलेक आले, तेव्हा डॉक्टरांनी मिस्त्रीला तोंड उघडूच दिलं नाही. आत पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी टेबलावरची किल्ली उचलली, लेकीचा तळहात उघडला, त्यात ठेवली आणि तिची बोटं मिटवली. लहान मुलीला खाऊ द्यावा, तसं.

"नसेल आवाज," ते म्हणाले. "वाटला असेल मला. होतं असं."

लेकीची मूठ मिटलेलीच राहिली. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

"ताई, थांबा," मिस्त्री म्हणाला. "अजून एकदा गाडी चालवायची आहे. डॉक्टरांनी. एकट्याने. आपण दोघं बाहेर उभं राहून ऐकायचं."

"एकट्याने? मिस्त्री, त्यांनी एकट्याने चालवू नये म्हणून तर एवढा खटाटोप चाललाय!"

"तेच तर. एकटे असल्याशिवाय ती वाजत नाही."

"म्हणजे जे करू द्यायचं नाही, तेच आधी करू द्यायचं, म्हणजे मग ते करू द्यावं की नाही ते कळेल. असे दावे माझ्या टेबलावर रोज येतात. मी ते जेवणाच्या सुट्टीआधी फेटाळते."

"दोन वेळा चूक मी केली. म्हणजे आजची धरून तीन वेळा." मिस्त्रीने मान खाली घातली. "मी गाडीत बसलो की दोन माणसं बसल्यासारखं होतं. वजन पडलं की मागचं काहीतरी दाबून बसतं आणि आवाज बंद होतो. मला ते सुचायला हवं होतं."

लेकीने त्याला वरपासून खालपर्यंत, मग या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत बघितलं. "दोन कमीच सांगताय," ती म्हणाली.

"नको आता," डॉक्टर म्हणाले. ते पुन्हा त्या खुर्चीत बसले होते. "कंटाळा आलाय मला. पुन्हा चालवायची, पुन्हा तुमची तोंडं बघायची. मिळाली ना किल्ली हिला, संपलं. दमलो मी."

"डॉक्टर, मी तुमच्यापेक्षा दमलोय. माझं वजन मला दिवसभर उचलावं लागतं." मिस्त्री त्यांच्यासमोर उभा राहिला, त्यामुळे डॉक्टरांना दुसरीकडे कुठे बघायला जागाच उरली नाही. "सकाळी तुम्हीच म्हणालात, पेशंटला बाहेर पाठवायचात. आता तुम्ही बाहेर जा. आम्ही बघतो कुठे दुखतंय ते."

मग लेकीने मूठ उघडली.

"गोदामाची भिंत संपते तिथपर्यंत," ती म्हणाली. "वळायचं आणि यायचं. मोठ्या रस्त्याला नाही."

"नाही जाणार."

"शपथ?"

"बाळा, मी तुझा बाप आहे."

"म्हणूनच विचारतेय."

वर्कशॉपच्या मागे एक सरळ रस्ता होता, एका बाजूला गोदामांची लांबलचक भिंत आणि मध्ये एक स्पीडब्रेकर. तो बांधणाऱ्याला बहुधा टेकडीचं कंत्राट मिळालं होतं आणि ऐनवेळी रस्ता मिळाला होता. मिस्त्री आणि लेक त्याच्या बाजूला उभे राहिले. लाल गाडी दूरच्या टोकाला वळली आणि आली. पण कशी, तर काठोकाठ भरलेला पेला घेऊन कुणी चालावं तशी. स्पीडब्रेकरवर ती चढली, विचारात पडली आणि उतरली. काही नाही.

"झालं?" लेक म्हणाली.

"जपून चालवतायत. तुम्ही बघताय म्हणून." मिस्त्रीने दोन्ही हातांनी तोंडाचा भोंगा केला. "डॉक्टर! रोजच्यासारखी चालवा! आम्ही इथे नाहीच, असं समजा!"

"तुम्ही नाही असं कसं समजणार? भिंत झाकलीय तुम्ही," लेक पुटपुटली.

गाडी पुन्हा दूरच्या टोकाला गेली. जरा वेळ तिथे नुसतीच थांबली. काचेमागे डॉक्टरांचं डोकं तेवढं दिसत होतं, एवढंसं. लेकीने नकळत मिस्त्रीच्या बाहीचं टोक धरलं. मग गाडी निघाली, आणि या खेपेला ती एखाद्या तरुण माणसाची गाडी होती. रस्ता गिळत आली, स्पीडब्रेकरवर चढली, पाठ हलकेच हवेत उचलली.

टक्-टक्.

आणि उतरताना, जरा थांबून, आणखी एक. टक्.

गोदामाच्या भिंतीने तो आवाज झेलला आणि परत फेकला. शेजारच्या दुकानदाराने मान बाहेर काढून विचारलं, "कोण आहे?"

मिस्त्रीने लेकीकडे बघितलं नाही. बघावंसं वाटलं, पण बघितलं नाही.

"पुन्हा," ती म्हणाली. "एकदा झालेलं धरत नाही मी."

पुन्हा झालं. तसंच. दोन, आणि जरा थांबून एक. तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध गेली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. डॉक्टरांनी गाडी तिच्यापुढे थांबवली आणि काच खाली केली. हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

"आला, बाबा," ती म्हणाली. "आला आवाज."

"कसा होता?"

"म्हणजे?"

"कसा होता ते सांग. नीट."

ती खाली वाकली, खिडकीत दोन्ही कोपरं ठेवली. "टक्-टक्. मग जरा थांबून टक्. कुणीतरी दारावर वाजवतंय, पण वाजवायला लाजतंय, तसा."

"डावीकडून की उजवीकडून?"

"उजवीकडून जास्त."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "उजवीकडून जास्त." मग त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसतच राहिले. मागे एका टेम्पोने हॉर्न वाजवला. मिस्त्री टेम्पोसमोर जाऊन उभा राहिला आणि हॉर्न बंद झाला.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. कुठे बघायचं हे कळल्यावर बघणं सोपं असतं. डिकीतला गालिचा उचलला, त्याखालचं झाकण काढलं, तर उजव्या चाकाचे धक्के गिळणारी जी उभी दांडी असते तिच्या डोक्यावरचं रबर झिजून वाटीसारखं झालेलं. मिस्त्रीने ते बापलेकीला दाखवलं. वजन पडलं की दांडी वर दाबून घट्ट. गाडी वर उचलून चाकं लोंबकळली की खाली ओढली जाऊन घट्ट. मधल्यामध्ये, एकट्या हलक्या माणसाच्या वेळी तेवढी मोकळी, आणि मोकळी झाली की डोकं आपटायची.

"हे रबर माझ्याकडे नाही. मागवतो, परवा येईल," तो म्हणाला. "तोवर चालवा बिनधास्त. धोका काही नाही, नुसती कटकट आहे."

लेकीने झिजलेल्या रबरात बोट घालून बघितलं. "रस्सा कपाटात ठेवला होता, ते मात्र खरंच होतं, बाबा."

"हो," डॉक्टर म्हणाले. "ते खरं होतं."

"त्याचं बघायला लागेल. डॉक्टरांकडे जायला लागेल."

"जाऊ. तू ने."

"किल्ली तुमच्याकडे राहू दे. पण ते सांगतील तसं."

"ते सांगतील तसं," डॉक्टर म्हणाले. मग गाडीला वळसा घालून त्यांनी शेजारचं दार लेकीसाठी उघडून धरलं. "चल. उशीर झालाय तुला."

ती दारापर्यंत आली, पण बसली नाही. पर्स खांद्यावर चढवली.

"तुम्ही व्हा पुढे. मी बसने येते."

"का गं? रागावलीस?"

"मी बसले तर ती वाजणार नाही."

"अगं, वाजू नये म्हणूनच तर आणली होती!"

"परवापासून नको वाजू दे," ती म्हणाली. "मोठ्या रस्त्याने जा, आतल्या रस्त्याला दिवे नाहीत. आणि पोचलात की फोन करा. आठवणीने."

डॉक्टरांनी ते उघडं दार हलकेच लावलं. आत बसले, पट्टा लावला, आरसा बघितला आणि निघाले. कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवर गाडीने पाठ उचलली आणि मोठ्यांदा, निर्लज्जपणे वाजली.

बसचा थांबा पलीकडच्या बाजूला होता. लेक काही लगेच गेली नाही. एक बस आली आणि गेलीही. मिस्त्रीने प्लास्टिकची खुर्ची दाराशी आणून दिली आणि स्वतः शटरच्या उंबऱ्यावर टेकला. दोघंही दमलेली होती. तिने फोन मांडीवर ठेवला होता, आवाज वाढवून.